प्लास्टरखालचा कापूस

भुसावळला उतरून टांगेवाल्याला नुसतं ‘हाड’ म्हटलं,
की तो नेहेते डॉक्टरांच्या दारात आणून सोडायचा.
सुरत पॅसेंजरचा एक डबा तुमच्याच मालकीचा,
गार्ड मला चेष्टेनं म्हणायचा.
केळीच्या ट्रकवरून पडलेले, चिंचेवरून पडलेले,
खाटेसकट उचलून आणलेले,
वाटेत गावच्या हाडवैद्याने एकदा ओढून पाहिलेले.

मी युसुफ पिंजारी. प्लास्टर माझ्याकडे.
बापाने लोकांच्या गाद्या भरल्या,
मी तोच कापूस त्यांच्या नडग्यांवर गुंडाळला.
मे महिन्यात बादलीतलं पाणी आपोआप कोमट,
पट्टी फिरवेपर्यंत प्लास्टर धरायला लागायचं.
डॉक्टर म्हणायचे, युसुफ,
या उन्हाला आपण पगार द्यायला पाहिजे.

हातगुण, म्हणायचे लोक.
फोटोसुद्धा बघत नाहीत, बोट फिरवून तडा सांगतात.
खोटं. फोटो दोनदा बघायचे,
तिसऱ्यांदा खिडकीशी नेऊन बघायचे.
पण रेल्वेच्या लेथवर करून घेतलेला त्यांचा खिळा
मुंबईच्या परिषदेत या हातातून त्या हातात फिरला, हे खरं.
त्यानंतर दारातल्या चपला मोजणं मी सोडून दिलं.

एकोणनव्वद साल. पोळ्याचा दुसरा दिवस.
मांडळच्या उखाचा भटू, वय नऊ,
शिंगांचा हिंगूळ अजून त्याच्या तळहातावर.
डावा पाय. साधा तडा.
संध्याकाळच्या गाडीने घरी गेले.

रात्री पोरगा रडला. माय, पाय दुखस.
शेजारचे उठून आले. कोणीतरी विळा पुढे केला.
उखाने त्याचं मनगट धरलं:
‘इतला मोठा डाक्टर, तो चुकी का?’

दुसऱ्या रात्रीही
विळा कुडाला खोचलेलाच राहिला.

तिसऱ्या सकाळी आणला तेव्हा
बोटं जांभळासारखी.
मी करवत चालवली, डॉक्टरांनी पाय हातात घेतला,
आणि खोलीत पंखा तेवढा बोलत होता.
पाय राहिला. वाढला नाही.

आठ दिवसांनी मी सांगितलं:
पोळ्याचा बाजार बंद होता, कापूस कमी पडला,
तीन थर घालायचे ते मी दोनच घातले.
ते हात धूत होते.
‘सही माझी आहे,’ म्हणाले,
आणि धुतलेल्या हातांना पुन्हा साबण लावला.

मग सुरू झालं ते.
प्रत्येक नातेवाइकाला दारात थांबवून सांगायचे:
हे प्लास्टर चुकू शकतं.
बोट निळं पडलं तर कापा. विळ्याने कापा, कुऱ्हाडीने कापा,
मला विचारायला थांबू नका.
पेशंट घाबरायचे.
म्हातारा कच्चा पडला, म्हणायचे,
ज्याला स्वतःचीच खात्री नाही, त्याच्याकडे कशाला?
जळगावला नवं दवाखानं झालं, काचेचं, लिफ्टचं,
आणि पॅसेंजरमधले अर्धे मोडके
आमच्या आधीच उतरायला लागले.
डॉक्टर दाराशी उभे राहून सांगतच राहिले,
उरलेल्यांना.

आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे.
भटूचं अमळनेरला बियाण्यांचं दुकान आहे, बरं चालतं.
चपलांचे दोन जोड घेतो दर वेळी,
उजवी नऊची, डावी सहाची घालतो.
उरलेल्या दोघींचं काय करतो,
मी विचारलेलं नाही.

बापाचं पिंजण माझ्या भिंतीवर आहे, तात तुटलेली.
रात्री नातवंडं ओळीने झोपतात.
कोणाचंच काही मोडलेलं नाही,
तरी मी दिवा न लावता त्यांच्या पायथ्याशी बसतो,
मोबाइलच्या उजेडात
एकेकीचा अंगठा धरतो, नख दाबतो.
पांढरं.
सोडतो.
थांबतो.
गुलाबी.
मग पुढची.